आधी बोंस्वार

त्या बाईनं मला दोनदा "बोंस्वार", म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हटलं आणि दोन्ही वेळा मी नापास झाले. ऑक्टोबरातली संध्याकाळ होती, फ्रान्समधल्या ल्यों शहरात भुरभुर पाऊस लागलेला, दोन नद्यांच्या मधल्या प्रेस्कील भागातली एक गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी एक बुशों, म्हणजे ल्योंकरांची जुन्या वळणाची खाणावळ. दार ढकललं तसा चष्म्यावर वाफारा धरला आणि लोणी, वाइन, परतलेला कांदा यांचा वास एकदम अंगावर आला. लाल-पांढऱ्या चौकटींच्या टेबलांमधून साठीची एक बाई पुढे आली. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, खांद्यावर फडकं. मी तोंडभर हसले आणि म्हणाले, "हाय! टेबल फॉर टू, प्लीज?" ती म्हणाली, "बोंस्वार, मादाम." मला वाटलं, इंग्रजी कळलं नसेल. म्हणून दोन बोटं वर करून, हसू आणखी रुंद करून तेच वाक्य सावकाश म्हटलं. ती तशीच उभी. हसली नाही, रागावलीही नाही. "बोंस्वार," पुन्हा म्हणाली आणि थांबली. आजूबाजूची टेबलं बघायला लागली. लेकीनं मागून कोपराला चिमटा काढला, "अगं आई, आधी बोंस्वार म्हण ना!" म्हटलं एकदाचं. त्याबरोबर बाईनं मान हलवली, दोघीच ना, या, असं स्वच्छ इंग्रजीत म्हणाली आणि खिडकीजवळचं टेबल दाखवलं.

इंग्रजी तिला पहिल्यापासून येत होतं.

जेवण चांगलं झालं. लेक तिथं एका सत्रासाठी शिकायला गेलेली, मी तिला भेटायला आठ दिवस. ती भरभरून बोलत होती, मी हं हं करत होते, पण डोक्यात ते दोन बोंस्वार. पन्नाशीच्या बाईला बालवाडीतल्या पोरासारखं भर हॉटेलात "नमस्ते म्हण काकूंना" करायला लावायचं? मग दुसरा, जरा काळा विचार आला. माझ्या रंगामुळे का? न्यू जर्सीत पंचवीसेक वर्षं काढल्यावर हा विचार हाकेच्या अंतरावरच असतो, बोलवावा लागत नाही. तेवढ्यात दार उघडून बेसबॉलची टोपी घातलेला, सव्वासहा फुटी गोरा गृहस्थ आत आला, माझ्यासारखाच हसत, माझ्याच उच्चारात "हाय देअर" म्हणाला. बाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बोंस्वार, मस्यू." दोनदा. मला इतकं बरं वाटलं की नंतर त्याचीच लाज वाटली. लेक म्हणाली, "आई, इथं तू अमेरिकन आहेस. बाकी काही नाही. आणि प्लीज, ते स्माइल जरा कमी कर. त्यांना वाटतं तू काहीतरी विकायला आलीयेस."

हे लागलं. कारण ते हसू मी खरंच विकलेलं आहे.

ग्रीन कार्ड हाती आलं त्या वर्षी, ही पोटात राहायच्या आधी, मी हायवेवरच्या एका डायनरमध्ये दीड वर्ष वाढपी होते. तिकडे वेट्रेस म्हणतात, पण काम वाढप्याचंच. टिप मिळणाऱ्या कामगाराचा केंद्रीय कायद्यातला किमान रोख पगार ताशी २ डॉलर १३ सेंट. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यं आपापल्या कायद्यानं जास्त देतात, पण एकूण घर चालतं ते टेबलावर राहिलेल्या नोटांवर. तेव्हा पहिल्याच दिवशी एका जुन्या, गुडघे गेलेल्या वेट्रेसनं मला तीन गोष्टी शिकवल्या. गिऱ्हाइकानं दोन घास खाल्ले की जाऊन "कसं लागतंय सगळं?" विचारायचं. कॉफीचा मग अर्धा दिसला की भरायचा. आणि बिलाच्या मागे "थँक यू" लिहून खाली स्माइली काढायची, गोल, दोन ठिपके, एक कंस. हसायचं कसं तेही तिनंच शिकवलं, वरचे दात दिसले पाहिजेत आणि डोळे बारीक झाले पाहिजेत, नाहीतर खोटं वाटतं. मी रात्री बेसिनसमोर उभी राहून सराव करायचे. नवरा म्हणायचा, "तू भांडून आल्यासारखी दिसतेस." महिन्याभरात जमलं. इतकं जमलं की पुढे बँकेत लागले, आई झाले, नागरिक झाले, तरी ते गेलं नाही. भारतात गेल्यावर भाजीवालीकडे बघूनही मी तशीच हसते आणि ती भाव वाढवते.

बुशोंतल्या त्या रात्रीचं बिलही गंमतच. गोड संपलं, कॉफी संपली (कॉफी गोडाच्या बरोबर नाही, नंतर, आणि बोटभर कपात), टेबलावर पावाचा चुरा उरला, तरी बिल यायचं नाव नाही. अर्धा तास गेला. विसरली की काय ही? डायनरमध्ये शेवटचा घास तोंडात असतानाच मी बिल ठेवायचे, "घाई नाही हं" म्हणत, आणि मनात टेबल कधी रिकामं होतंय याची घाई. लेक म्हणाली, "तू मागितल्याशिवाय ती आणणार नाही. न मागता आणलं तर ते उठा म्हटल्यासारखं होतं." मागितलं. बाई कार्डाचं यंत्र घेऊनच टेबलाशी आली. टिपेसाठी रेघ नाही, टक्केवारीची बटणं नाहीत. सेवेचे पैसे किमतीत धरलेलेच असतात, बिलावर खाली तसं छापलेलं असतं. पगार आहे, वर्षाला पाच आठवड्यांची भरपगारी रजा आहे. म्हणजे माझ्या हसण्याची तिला गरज नव्हती, आणि तिच्या हसण्यावर माझा काही हक्क नव्हता. तरी मी सवयीनं वीस युरोची नोट बशीखाली सरकवली. लेकीनं ती उचलून माझ्या पर्समध्ये परत कोंबली आणि दोन युरोचं नाणं ठेवलं. त्या रात्री हॉटेलवर जाताना मला आपण काहीतरी चोरून निघाल्यासारखं वाटत होतं.

पुढचे दिवस छोट्या छोट्या नापासांचे. सव्वादोनला जेवायला गेलो तर स्वयंपाकघर बंद, आता सात-साडेसातला. (पुणेकर वाचक इथं मान डोलावतील, म्हणून तो विषय पुढे नेत नाही.) आंत्रे मागवलं, कारण अमेरिकेत आंत्रे म्हणजे मुख्य जेवण, आणि समोर आलं सॅलड. पण काय सॅलड! कडवट, कुरळ्या पानांत डुकराच्या मांसाचे खमंग तुकडे, पावाचे कुरकुरीत चौकोन आणि वर अर्धकच्चं अंडं. काटा लावला की पिवळा बलक सगळ्यावरून ओघळतो आणि त्या कडू पानांची तक्रार मिटते. पाण्यात बर्फ मागितला तर मोजून दोन खडे आले. उरलेलं बांधून द्या म्हटलं. २०२१च्या जुलैपासून मागितल्यास डबा द्यायलाच हवा असा तिथं कायदा आहे, पण कायद्यानं डबा मिळतो, वेटरची भुवई खाली येत नाही. आणि सगळंच काही मला पटलं असं नाही. एका चौकातल्या कॅफेत पाऊण तास आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. शेजारच्या टेबलाला दोनदा विचारून झालं. तिथं बोंजूरही, म्हणजे दिवसाचं बोंस्वार, म्हटलं होतं, नीट, आधी. तो उद्धटपणाच होता, त्याला संस्कृती वगैरे म्हणायची माझी तयारी नाही. आमच्या डायनरमध्ये असं कुणी केलं असतं तर पाळी संपायच्या आत घरी गेला असता. इथं तसं कुणी घरी पाठवत नाही, म्हणूनच तो असं करू शकतो, हेही त्याच क्षणी लक्षात आलं आणि मी उगाचच दोघांवर चिडले, त्याच्यावर आणि आमच्या डायनरवर.

चौथ्या दिवशी लेक कॉलेजात गेली आणि मी एकटी क्रुआ-रूसची टेकडी चढले. ल्योंमध्ये दोन टेकड्या, एक प्रार्थना करणारी, एक काम करणारी असं म्हणतात. फुर्विएरवर बॅसिलिका, आणि ही विणकरांची. रेशीम विणणाऱ्यांना तिथं कान्यू म्हणत. त्यांची घरं बाहेरूनच ओळखू येतात, खिडक्या उंचच्या उंच, आत छत चार मीटरवर, कारण जाकारचा, म्हणजे नक्षी विणणारा, उंच माग घरातच उभा करायचा असे. मागाच्या खडखडाटाला त्यांनी शब्दच करून ठेवलाय, बिस्तांक्लाक. १८३१ आणि १८३४ साली याच विणकरांनी मजुरीच्या दरासाठी उठाव केले, लष्कर आणावं लागलं. रात्रभर माग चालवून सकाळी हे लोक आतडी, डुकराचं डोकं, सॉसेज, जे स्वस्त मिळेल त्याची न्याहारी करायचे, सोबत वाइन. त्या न्याहारीला माशों म्हणतात. वाइन येते ती जाड बुडाच्या बाटलीत, बरोब्बर ४६ सेंटिलिटर. अर्धा लिटरमधले चार सेंटिलिटर मालकांनी कापले अशी तिथली लोककथा. मी एका चढावर दम खात उभी होते, समोर तशाच उंच खिडक्यांची इमारत, दोन खिडक्यांच्या मध्ये वाळत घातलेला एक शर्ट. आणि मला एकदम आजीचा जिना आठवला.

आजीची खाणावळ लालबागला होती. दोन खोल्या, पन्नासेक गिऱ्हाईक, सगळे गिरणीवाले, बरेचसे साचेखात्यातले, म्हणजे मागावरचे, कोकणातून आलेले, एकेका गाळ्यात वीस-वीस जण पाळीपाळीनं झोपणारे. महिन्याचा हिशेब वहीत. गावी गेलेल्या दिवसांचे खाडे धरायचे, त्यावरून महिन्याला एक तरी भांडण ठरलेलं. जर्मनची ताटं, भात, आमटी, बांगडा नाहीतर सुकट, आणि रविवारी वजरी. ती धुवायची म्हणजे अर्धा दिवस. गरम पाणी, चुना, पुन्हा पाणी, आणि चाळभर तो वास. आजी कुणाकडे बघून हसल्याचं मला आठवत नाही. पहिली पंगत रेंगाळली तर पळी आपटून उठवायची, खाली जिन्यात दुसरी पंगत उभी असे. पण एक होतं. उंबरठ्यावरून "मावशी, येतो गं" अशी हाक दिल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकलेलं तिला चालायचं नाही. नवा कुणी सरळ आत घुसून पाटावर बसला की ती ताट हातात धरून तशीच उभी राही. एक अक्षर बोलायची नाही. मग शेजारचा कुणी तरी त्याला ढोसायचा, "हाक मार, हाक मार आधी." तो उठून परत दारात जायचा. आम्ही पोरं खिदळायचो.

ताट हातात धरून, तशीच.

१९८२च्या संपात ती खाणावळ बुडाली. आजीनं सहा-सात महिने उधारीवर जेवू घातलं, मग माणसंच गावाला गेली. वही राहिली. बाबा म्हणायचे ती रद्दीत गेली, आत्या म्हणते तिच्याकडे आहे.

ल्योंमध्येही अशा बायका होऊन गेल्या. त्यांना तिथं मेर म्हणतात, म्हणजे आई. मोठ्या घरांत स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या, मग स्वतःचा धंदा टाकलेल्या. त्यांतली युजेनी ब्राझिए, शेतावर वाढलेली, लग्नाशिवाय आई झालेली, १९२१ मध्ये स्वतःचं छोटं हॉटेल काढते आणि १९३३ मध्ये तिच्या दोन हॉटेलांना मिशलँ या खाद्यमार्गदर्शकाचे तीन-तीन तारे मिळतात. असे सहा तारे मिळवणारी ती पहिलीच. पॉल बोक्यूझ, ज्यांच्या नावानं आज ल्योंचा बंदिस्त खाद्यबाजार ओळखला जातो, ते तिच्या हाताखाली शिकले. त्या बाजारासमोरच्या भिंतीवर बोक्यूझ यांचं इमारतीएवढं चित्र आहे. दुसऱ्या महायुद्धात ते जखमी झाले तेव्हा अमेरिकन इस्पितळात त्यांना अमेरिकन सैनिकांचं रक्त चढवलं, आणि तिथल्याच सैनिकांनी दंडावर कोंबडा गोंदवून दिला. हे लेकीनं मला त्या भिंतीखाली उभं राहून सांगितलं आणि पुढे म्हणाली, "म्हणजे बघ, त्यांच्यातही थोडं अमेरिकन होतं." मी विचारलं, "ते हसायचे का गं?" तिला कळलं नाही.

सहाव्या दिवशी मी पुन्हा त्याच बुशोंत गेले. लेक नको म्हणत होती, एवढी हॉटेलं आहेत. मी दारातच थांबले, चष्मा पुसला, आणि न हसता, जरा मोठ्यानंच, "बोंस्वार, मादाम" म्हटलं. न हसणं किती अवघड जातं हे तेव्हा कळलं, गालांना काय करावं सुचत नव्हतं. तिनं बोंस्वार केलं आणि या वेळी आतलं, स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल दिलं. ते चांगलं की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फळ्यावर ताब्लिए द सापर लिहिलं होतं. मी बोट ठेवलं. ती थांबली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला समजावून सांगायला लागली की मादाम, हे गाईचं पोट आहे, अमेरिकन लोकांना हे सहसा आवडत नाही, त्यापेक्षा माशाचं कनेल घ्या, मऊ असतं. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अगं, वजरी आहे ती." गायीचं म्हटल्यावर आजीनं काय केलं असतं, हा विचार आला आणि मी तो पाण्याबरोबर गिळला.

ताटात आला तो पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला तळहाताएवढा तुकडा, सोनेरी, कडेला अंड्याचं आणि केपरचं आंबट सॉस. मधाच्या पोळ्यासारखं आतलं जाळं दाताखाली तसंच लागलं, तेच रबरी, तेच गुळगुळीत, जिभेनं चाळीस वर्षांनी ओळखलं. चव मात्र काहीच्या काही. वाइनमध्ये मुरवलेलं, स्वच्छ, सभ्य. ना आलं-लसूण, ना भाजलं खोबरं, ना मिरपूड. मला लिंबू हवं होतं, आणि खरं सांगायचं तर चमचाभर लाल तिखट. अर्ध्यावर पोट भरलं. पण ताट तसं टाकणं शक्यच नव्हतं, कारण दाराच्या फटीतून ती दिसत होती, आत दुसऱ्या कुणाला तरी ओरडत. पावानं सॉस पुसून घेत शेवटपर्यंत खाल्लं. मग छोट्या वाडग्यात सेर्वेल द कान्यू आलं, म्हणजे विणकराचा मेंदू. नाव भलतंच, असतो तो घट्ट दह्यासारखा चक्का, त्यात बारीक कांदा, पात, लसूण, थोडं तेल आणि मीठ. गरिबाचं खाणं, आणि आठ दिवसांत खाल्लेलं सगळ्यात चांगलं. बाई ताट उचलायला आली, रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ब्यां," म्हणाली. बरं. एवढंच, आणि गेली. डायनरमध्ये पन्नास माणसं "ऑसम" म्हणायची त्याची मला सांज झाली की आठवण नसायची.

त्या रात्री आम्ही ऱ्होनच्या काठावर जाऊन बसलो, गियोतिएरच्या पुलाजवळ, जिथं नदीत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत. पाऊस थांबलेला, पायऱ्या ओल्या, तरी पोरं रांगांनी बसलेली, कुणाकडे चीजचा तुकडा, कुणाकडे वेफर्सचं पाकीट. काठाला बांधलेल्या होड्यांवर बार, त्यांचे पिवळे दिवे पाण्यात लांबच लांब. लेकीनं पाठीवरच्या पिशवीतून वाइनची बाटली काढली आणि दोन कागदी कप. ती वीस वर्षांची. फ्रान्समध्ये अठराला चालतं, आमच्याकडे एकवीस. घरी माझ्यासमोर तिनं कधी ग्लास हातात धरलेला नाही. ती सहज ओतत होती, सराईत हातानं, आणि मी काय करावं ते न कळून पर्समधला टिशू काढून तिला दिला. "आई, इथं पहिले काही आठवडे मी रोज रडायचे," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "दुकानात कुणी हसत नाही. मला वाटायचं मी काही चुकीचं केलंय. आता थँक्सगिव्हिंगला घरी आले की तिकडचं सगळं जड जाणारे. सगळे विचारणार, हाऊ आर यू, आणि उत्तराची वाट न बघता पुढे जाणार." मी म्हटलं, "त्यांचाही पगार त्यातच असतो गं." ती म्हणाली, "तुझाही होता?" मी तिला डायनरचं कधी सांगितलंच नव्हतं. का नाही, कोण जाणे. लाजच असावी, बँकेतली आई तिला ठाऊक होती, तेवढी पुरे वाटली असावी. त्या पायऱ्यांवर सगळं सांगितलं, बेसिनसमोरच्या सरावासकट. तिनं करून दाखव म्हटलं. मी केलं. ती इतकी हसली की खालच्या पायरीवरची पोरं वळून बघायला लागली.

परतीचं विमान नूअर्कला रात्री उतरलं. नवरा घ्यायला आलेला, मला भूक, म्हणून वाटेतल्या एका डायनरमध्ये शिरलो. ते माझं डायनर नव्हे, पण सगळी सारखीच. तोच लाल रेक्झिन, तीच फिरणारी काचपेटी आणि तिच्यातले तेच केक. दारात मी थांबले. काउंटरपलीकडे एक पोरगी, विशी-बाविशीची, केस वर बांधलेले. मी "गुड इव्हिनिंग" म्हटलं आणि उभी राहिले. ती गडबडली, मागे वळून बघितलं, मी दुसऱ्याच कुणाला म्हणतेय की काय. मग "हाय गाईज, बसा कुठेही!" आणि ते हसू, वरचे दात, बारीक डोळे. अगदी बरोबर जमलेलं. दोन घास झाल्यावर आली, कसं लागतंय सगळं? कॉफी अर्धी झाल्यावर आली. नवरा म्हणाला, "बघ, तिकडे असं कुणी विचारलं का?" मी नाही म्हटलं. बिल आलं, न मागता. मागच्या बाजूला निळ्या पेनानं थँक यू, खाली गोल, कंस आणि एकच ठिपका. दुसरा घाईत राहिला असावा. मान वर केली तर ती काउंटरच्या टोकाला उभी, एक बूट काढलेला, त्या पायाचा तळवा दुसऱ्या पोटरीवर घासत. मी पंचवीस टक्क्यांचा हिशेब केला, मग तो खोडून वरचा आकडा लिहिला. नवऱ्यानं भुवया वर केल्या. पेन हातातच होतं, तेवढ्यात राहिलेला ठिपकाही देऊन टाकला.